पट्टी वाचता आली पाहिजे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी बार्शीला राहते. २०१३ साली बी. कॉम. झाले, पुढच्या वर्षी लग्न, मग मुलगा. तो आता तिसरीत आहे. कॉलेजात असताना टॅलीचा कोर्स केला होता, त्याला आता गंज चढलाय. परवा सोलापूरच्या एका क्लासची जाहिरात पाहिली : 'ई-कॉमर्स अकाउंटिंग', तीन महिने, फी ३८ हजार, नोकरीची हमी. यजमान म्हणतात, एवढे पैसे घालण्याआधी कुणातरी जाणत्याला विचार. ऑनलाइन विकणाऱ्यांचे हिशेब म्हणजे नेमकं काय करायचं असतं? घरी बसून जमतं का? क्लास लावू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : क्लासचं शेवटी सांगते. आधी काम काय आहे ते बघा, म्हणजे ३८ हजार कशाचे मागताहेत ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तुम्ही बार्शीच्या, म्हणजे बाजार समिती तुम्हाला माहीत असणार. शेतकरी माल घालतो आणि आडत्याकडून पट्टी घेऊन घरी येतो. पट्टीवर वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, आधी उचललेली रक्कम, हे सगळं वजा होऊन तळाला हातात आलेला आकडा. घरात कुणी विचारलं, 'तूर कितीला गेली?' तर शहाणा शेतकरी वरचा आकडा सांगतो, तळाचा नाही. ऑनलाइन दुकानदाराला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी प्लॅटफॉर्मकडून जो सेटलमेंट रिपोर्ट येतो, ती अशीच पट्टी आहे. फक्त तीनशे ऑर्डरींची एकत्र, आणि चाळीस रकान्यांची. ती वाचता येणं हा या कामाचा पाऊण भाग.

एकाच ऑर्डरीची पट्टी मांडून दाखवते. तुमच्या जिल्ह्यातलीच सोलापुरी चादर घेऊ. ग्राहकाने ८४० रुपये मोजले. चादरीवर जीएसटी ५ टक्के, म्हणजे माल ८०० चा आणि कर ४०. प्लॅटफॉर्मने कापलं : कमिशन ८४, कुरिअर ७०, प्रत्येक ऑर्डरीमागची ठरलेली फी २०. झाले १७४. या १७४ वर त्याने १८ टक्के जीएसटी लावला, ३१ रुपये ३२ पैसे. शिवाय कायद्याने त्याला विक्रेत्याच्या नावाने सरकारकडे भरायच्या दोन कपाती कराव्या लागतात : जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का, म्हणजे ८०० वर ४ रुपये, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे ८० पैसे. बँकेत जमा झाले ६२९ रुपये ८८ पैसे.

नवखा माणूस काय करतो? बँकेत ६२९.८८ आले, विक्रीला ६२९.८८ टाकतो, आणि चहाला उठतो.

खरी एंट्री अशी : विक्री ८००, द्यायचा जीएसटी ४०, ही जमेची बाजू. नावे बाजूला बँक ६२९.८८, कमिशन-कुरिअर-फी मिळून खर्च १७४, त्यावरचा ३१.३२ हा इनपुट क्रेडिट (म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा करून मिळणारा कर), टीसीएस ४ रुपये येणे, टीडीएस ८० पैसे येणे. बेरीज करून बघा, दोन्हीकडे ८४० येतात. हे कागदावर पेन्सिलीने स्वतः केलंत आणि एकदा जरी मेळ बसला, तर समजा तुमची बी. कॉम. अजून शाबूत आहे.

आता 'येणे' म्हटलेल्या त्या चार रुपयांचं. प्लॅटफॉर्म महिन्याच्या १० तारखेपर्यंत स्वतःचं विवरण भरतो, त्यात तुमच्या पार्टीच्या, म्हणजे ज्या विक्रेत्याचे हिशेब तुम्ही ठेवता त्याच्या, नावावर ८०० ची विक्री आणि ४ रुपये टीसीएस दाखवतो. ते जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट'मध्ये येऊन थांबतात. तुम्ही जाऊन स्वीकारलं, तर ते पार्टीच्या रोख खात्यात येतात आणि कर भरायला वापरता येतात. नाही स्वीकारलं, तर तिथेच पडून राहतात. नवी पार्टी हाती घेतली की मी पहिल्यांदा हेच पान उघडते. एका काचेच्या बांगड्या विकणाऱ्या बाईंचे पावणेदोन वर्षांचे पैसे तसेच पडलेले सापडले होते. ऑर्डरीमागे चार रुपये असले तरी वर्षाच्या हजारो ऑर्डरी असतात.

आणि विक्री ६२९ दाखवली तर? सरकारकडे प्लॅटफॉर्मने ८०० सांगितलेले असतात. दोन आकडे समोरासमोर आले की नोटीस.

हे पुस्तकातलं सांगत नाही. मी १९९८ साली इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर कीर्द-खतावणी लिहायला लागले. तिथे बिल दहा हजारांचं तर येणं दहा हजारांचं, फार तर वटाव कापून यायचा. पुढे टॅली आलं, २००५ ला व्हॅट आला, २०१७ ला जीएसटी, सगळं निभावलं. मग एका रेडिमेड कुर्तेवाल्याने ऑनलाइन विक्री सुरू केली आणि हिशेब माझ्याकडे दिले. मी पेढीवरची सवय घेऊन बसले : बँकेत आलं ते लिहिलं. २०२२-२३ चे तब्बल आठ महिने. २०२३ च्या दिवाळीआधी त्याला नोटीस आली, तेव्हा माझ्या पायाखालची फरशी सरकली. कमी दाखवलेल्या विक्रीवरचा कर भरला, वर १८ टक्क्यांनी व्याज. कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट मी आठ महिने घेतलेलंच नव्हतं, तेवढं मात्र वाचलं. कारण मागच्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, आणि हातात तीन आठवडे होते. फराळ शेजारणीने आणून दिला. व्याजाचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. पार्टी अजून माझ्याकडेच आहे, पण दर दिवाळीला हसत हसत तो विषय काढते.

पट्टी कळली, की दुसरी अवघड गोष्ट म्हणजे परत आलेला माल. दुकानात चादर गेली की गेली. इथे शंभरातल्या काही परत येतातच, आणि त्याही दोन तऱ्हांनी : एक, ग्राहकाने घेतली, बघितली आणि परत पाठवली, दोन, कुरिअरवाल्याला दारच उघडलं नाही आणि पार्सल तसंच फिरलं. दोन्हींत फी वेगवेगळी कापली जाते. विक्री मार्चची आणि परतावा एप्रिलचा, असं झालं की वर्षच बदलतं. मधल्या काळात कराचा दर बदलला तर आणखी मजा. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा माझ्याकडे एक १,४०० चा कुर्ता १८ तारखेला १२ टक्क्यांनी विकलेला होता आणि २७ ला परत आला. तोवर त्याच कुर्त्याचा दर ५ टक्के झालेला. क्रेडिट नोट, म्हणजे विक्री उलटवल्याचा कागद, किती टक्क्यांची? विकला त्याच दराची, १२ ची. टॅलीत नवा दर आपोआप पडत होता, हाताने बदलावा लागला. अशा वेळी ज्याच्या लक्षात येतं तो हिशेबनीस, बाकीचे बटण दाबणारे.

आणि माल कुठून कुठे गेला हेही बघावं लागतं. सोलापूरची चादर पुण्याला गेली तर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के. म्हापशाला गेली तर पाच टक्के आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी. पार्टीने भिवंडीच्या गोदामात माल ठेवला, तर ती जागा तिच्या महाराष्ट्रातल्या नोंदणीत वाढवून घ्यावी लागते. हैदराबादच्या गोदामात ठेवला तर तेलंगणची वेगळी नोंदणी लागते, आणि सोलापूरहून हैदराबादला स्वतःचाच माल स्वतःला पाठवतानाही कराचं बिल फाडावं लागतं. हे ऐकून पार्ट्या चिडतात. चिडू द्यावं, पण गोदामाचा प्लॅन निवडण्याआधी सांगावं.

मग शिकायचं काय? टॅली महिन्याभरात परत हाताला बसेल, त्याची काळजी करू नका. खरा घाम एक्सेलमध्ये गाळायचा. व्हीलुकअप, सम-इफ्स आणि पिव्हट टेबल, या तिघांशिवाय तीनशे ऑर्डरींचा मेळ बसत नाही. त्यात एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवते, कारण मी त्यात दोन रात्री घालवल्यात. काही प्लॅटफॉर्मचे ऑर्डर नंबर सतरा-अठरा आकडी असतात. ती फाइल तुम्ही नुसती डबल क्लिक करून उघडली, की एक्सेल पंधराव्या आकड्यापुढचं सगळं शून्य करून टाकतं. दिसायला नंबर नंबरच दिसतो, पण विक्रीच्या फाइलशी जुळत नाही, किंवा दोन वेगळ्या ऑर्डरी एकच होऊन बसतात. म्हणून फाइल आत घेतानाच तो रकाना 'टेक्स्ट' करायचा. सेव्ह केल्यावर उपयोग नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत.

त्यानंतर जीएसटीच्या तारखा : ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला पोर्टलवर २बी (मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) तयार होतं, २० ला ३बी (कर भरायचं विवरण). छोट्या पार्ट्या तिमाही भरतात, त्यांच्या वेगळ्या. आयकराचा कायदा १ एप्रिल २०२६ पासून नवा, त्यामुळे जुन्या व्हिडिओत '१९४-ओ, १९४-ओ' असं ऐकाल तर टीडीएसची कपात तीच, कलमाचा आकडा बदललेला, एवढं समजा. यूट्यूबवर मराठीतही पुष्कळ सापडेल. बघताना व्हिडिओची तारीख आधी बघा. टीसीएस १ टक्का सांगणारा व्हिडिओ १० जुलै २०२४ च्या आधीचा आहे, आणि टीडीएस १ टक्का सांगणारा १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीचा.

आता क्लास. फोन करून एकच विचारा : 'खऱ्या विक्रेत्याचा एका महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट, विक्रीचा रिपोर्ट आणि रिटर्नचा रिपोर्ट आम्हाला हातात देऊन मेळ बसवायला लावता का?' हो म्हणाले, तर एक दिवस जाऊन बसा आणि मग ठरवा. 'आम्ही टॅली, जीएसटी, टीडीएस, पेरोल सगळं शिकवतो' असं उत्तर आलं, तर ते जुनं टॅलीचं दुकान आहे, पाटी तेवढी नवीन. नोकरीच्या हमीबद्दल बोलतच नाही. हमी देणारा काय देतो ते लेखी मागा, आवाज लगेच खाली येतो.

मी तुमच्या जागी असते तर ते ३८ हजार बँकेत ठेवले असते आणि बार्शीत किंवा सोलापुरात ऑनलाइन विकणारं एक घर शोधलं असतं. चादरी, शेंगाचटणी, ज्वारीची कडक भाकरी, हल्ली सगळं विकतात. त्यांना म्हणायचं, तुमचा मागचा एक महिना मला द्या, फुकट जुळवून देते. तो महिना पैशापर्यंत जुळवा. पंधरा दिवस लागतील, डोकं दुखेल, शेवटी तीनशे-चारशे रुपयांचा फरक राहील आणि तो 'सस्पेन्स'ला, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या खात्याला, टाकायचा मोह होईल. टाकू नका. माझ्या अनुभवात तो फरक बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे असतात, जे प्लॅटफॉर्मने सेटलमेंटमधूनच परस्पर कापलेले असतात आणि दुसऱ्याच रिपोर्टात दिसतात.

घरी बसून? हो, हे काम घरून होतं, मुलगा शाळेत गेल्यावर होतं. फक्त ८ ते २० तारीख घरात लग्नकार्य, पाहुणे, यात्रा काही ठेवायचं नाही. पैशाचं म्हणाल तर मी लहान पार्टीचे महिन्याला अडीच ते चार हजार घेते, ऑर्डरी आणि प्लॅटफॉर्म किती यावर. तुम्ही सुरुवातीला त्याहून कमी घ्या, पण घ्या. दुसऱ्या महिन्यापासून फुकट नाही. रिटर्नवर सही-सल्ला त्यांच्या सीएंचाच राहू द्या. त्यांच्याशी गोड राहा, पुढची पार्टी तेच पाठवतात.

प्रश्न : मी नाशिकला बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका ऑफिसमध्ये अमेरिकेतल्या ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशेब ठेवायची संध्याकाळची नोकरी मिळतेय. जीएसटीही धड येत नाही, तिथलं कसं जमणार? आणि इथलं शिकलेलं वाया जाईल का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जा. वाया काही जात नाही, वरची पट्टी तिथेही तीच आहे : वर विक्री, खाली कमिशन, गोदामाची फी, जाहिरात, परतावा, तळाला डॉलर.

फरक करात आहे, आणि तो उलट तुला सोपा जाईल. तिथे जीएसटीसारखा देशभराचा कर नाही, राज्याराज्याचा सेल्स टॅक्स आहे. काही राज्यांत तोही नाही; ओरेगनमध्ये नाही. २०१८ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात निकाल दिला, की विक्रेत्याचं दुकान-गोदाम राज्यात नसलं तरी राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकतं. त्यानंतर सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांनी ती जबाबदारी मोठ्या प्लॅटफॉर्मवरच टाकली. म्हणजे ग्राहकाकडून कर प्लॅटफॉर्म घेतो आणि तोच भरतो. रिपोर्टात मात्र तो कर आत आलेला आणि बाहेर गेलेला असा दोनदा दिसतो. नवी मुलं आत आलेला विक्रीत धरतात आणि बाहेर गेलेला खर्चात. नफा तोच येतो, म्हणून चूक कळत नाही, पण उलाढाल फुगते. तू पहिल्या आठवड्यात हे पकडलंस तर साहेब तुझं नाव लक्षात ठेवतील. विक्रेत्याची स्वतःची वेबसाइट असेल तर तिथला कर मात्र त्यालाच बघावा लागतो, हे विसरू नकोस.

सॉफ्टवेअर बहुधा क्विकबुक्स किंवा झेरो असेल. क्विकबुक्सने भारतातलं दुकान २०२३ मध्ये आवरलं, म्हणून इथल्या क्लासांत ते फारसं दिसत नाही. परदेशी कामात मात्र तेच जास्त. टॅली येत असेल तर दोन आठवड्यांत हात बसतो. इंग्रजीची भीती वाटत असेल तर बोलण्यापेक्षा ईमेल लिहायचा सराव कर, कामात तेच लागतं. 'या ४३ डॉलरांचा कागद मिळाला नाही, कशाचे आहेत?' एवढं नम्रपणे, एका ओळीत विचारता आलं पाहिजे. आपल्याकडे तेच चार ओळींचं होतं.

एक मात्र आईवडिलांनाही वाचून दाखव. संध्याकाळची नोकरी म्हणजे परतायला रात्र. गाडी कंपनीची आहे का, कुठवर सोडते, हे नेमणूकपत्रात लिहून घे. आणि परीक्षेचे दिवस आधी सांग.

प्रश्न : मी उदगीरचा, यंदा बारावी कॉमर्स झालो. घरचे म्हणतात सीए कर. मामा लातूरला पूजेचं सामान ऑनलाइन विकतो, तो म्हणतो माझ्याकडे ये, हिशेब बघ. काय करू?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : दोन्हींत भांडण कुठे आहे? सीएची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतरच देता येते, २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनऐवजी दोन वर्षांची झालीय. पण घरचे म्हणतात म्हणून सीए करणारी मुलं मी इंटरमीडिएटला तीन-तीन वेळा अडकलेली पाहिलीत. स्वतःला वाटत असेल तर कर. नसेल वाटत तर सरळ बी. कॉम. कर. कॉमर्सचा पदवीधर पुढे जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव नोंदवून केंद्राच्या नासिन या संस्थेची परीक्षा देऊ शकतो, ५० टक्क्यांना पास. मग लोकांची जीएसटी विवरणं स्वतःच्या लॉगिनने भरता येतात. लहान गावात तेवढ्यावर चांगलं ऑफिस चालतं.

कॉलेज लातूरला घेतलंस तर दुपारी मामाकडे जाच. पहिल्या दिवशी त्याला विचार, मागच्या महिन्यात किती पार्सलं परत आली आणि त्यातली किती परत विकण्यासारखी होती. उदबत्तीचं पाकीट फुटलं, कापूर उडून गेला, समईला पोचा आला, असं त्याच्या कोपऱ्यात एक पोतं असेल. ते पोतं उपसून, एकेका वस्तूवर ऑर्डर नंबर चिकटवून यादी कर. परताव्यात खराब झालेल्या मालाची भरपाई प्लॅटफॉर्मकडे ठरावीक दिवसांत मागावी लागते, आणि ती बहुतेकांची राहून जाते. पगार मात्र आधीच ठरवून घे. मामाकडे तो विषय नंतर निघत नाही.